अडतीस कार्डं आणि माझा चुकलेला प्रश्न

नवऱ्याची रेल्वेतली बदली चेन्नईला झाली तेव्हा मी नाशिकची शाळा सोडली आणि तिथल्या तिरुवल्लिकेणी भागातल्या एका लहानशा शाळेत सातवीला विज्ञान शिकवू लागले. शाळा नावाला इंग्रजी माध्यमाची. मुलं विचार तमिळमध्ये करायची आणि उत्तरं गाइडमधल्या इंग्रजीत पाठ करायची. माझं तमिळ तेव्हा भाजीवालीपुरतं होतं. वर्गात उपयोगी पडणारा एकच शब्द मला पक्का येत होता, 'पुरिंजुदा?' म्हणजे 'समजलं का?' मी विचारायचा अवकाश, की अडतीस गळे एका सुरात ओरडायचे, "पुरिंजुदु, मिस!" मी खूश होऊन पुढच्या पानावर जायचे.

चंद्राच्या कलांचा धडा असाच झोकात झाला. चाचणीत मात्र मी प्रश्न थोडा फिरवला: आज चंद्र अर्धाच दिसतो, तो का? कुणी ढग आडवे घातले होते. बहुतेकांनी पृथ्वीची सावली पाडली होती. दोघी-तिघींनी तर ग्रहणाची अख्खी व्याख्या उतरवली होती. पेपर तपासताना आधी मुलांचा राग आला, मग माझीच मला लाज वाटली. पंधरा वर्षं शिकवतेय, आणि समोरच्याला कळलं की नाही हे मला कळू नये?

त्या आठवड्यात मी इंटरनेटवर फुकट काय काय मिळतं ते धुंडाळलं. एक साधन मनात भरलं. प्रत्येक मुलाला काळ्या चौकटींची नक्षी छापलेलं एकेक कार्ड द्यायचं. उत्तर 'अ' असेल तर एक बाजू वर, 'ब' असेल तर दुसरी. बाईंनी आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला, की कुणी काय उत्तर दिलं ते लगेच दिसतं. मुलांना ना फोन लागत, ना एकमेकांचं उत्तर कळत. मी अडतीस कार्डं छापून घेतली आणि मुख्याध्यापिकांकडे गेले.

"वर्गात फोन चालत नाही," त्या म्हणाल्या. "शिक्षकांचासुद्धा. नियम ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, मॅडम. फोन एकटा माझा असेल. मुलांच्या हातात नुसता कागद."

"आणि ह्यानं काय होणार?"

"मुलं 'हो मिस' म्हणतात तेव्हा खरं बोलतात का, ते कळेल."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "एक तास देते. मी स्वतः मागे बसणार."

त्या खरंच बसल्या. मी प्रोजेक्टरवर सूर्य, पृथ्वी आणि चंद्र फिरताना दाखवणारं एक फुकटचं चलचित्र लावलं. चंद्र हवा तिथे थांबवता येत होता. मुलं बाकांवरून पुढे झुकली. मग पडद्यावर प्रश्न आला, खाली चार पर्याय. मुलांना सोपं जावं म्हणून मी ते ऑनलाइन भाषांतर करून तमिळमध्येही दिले होते. कार्डं वर झाली. पंख्याच्या वाऱ्यानं दोन उडाली, ती गोळा केली. फोन फिरवला. अडतिसातली सहा उत्तरं बरोबर.

एवढं दाखवून सहा? "शेजारच्याला पटवून द्या, मग पुन्हा मत द्या," मी म्हटलं. वर्गात एकच गलका झाला. दुसऱ्या खेपेला पाच. मुख्याध्यापिका उठून गेल्या.

मधल्या सुट्टीत मी गणिताच्या बाईंना प्रश्न दाखवला. त्या तंजावरकडच्या मराठी. घरात पिढ्यान्‌पिढ्या जुनी मराठी बोलतात, तीही तमिळच्या चालीवर. मी त्यांना अक्का म्हणते. त्यांनी पडद्यावरचा मजकूर दोनदा वाचला आणि कपाळाला हात लावला.

"लेकरांस दोष देऊ नको गं," अक्का म्हणाल्या. "'अंधारातली बाजू' तुला म्हणायची होती ना? हितं 'निळल' लिहिलंय. निळल म्हणजे सावली. दोन पर्यायांत सावलीच सावली! मीही चुकले असते."

घरी जाऊन गप्प बसावं असं क्षणभर वाटलं. पण तशीच मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेले. "मॅडम, प्रश्न चुकला होता. चूक माझी आहे. आणखी एक तास हवा."

"साधन बंद करा असं मी सांगायच्या आधीच मागताय?"

"हो. पुन्हा नाही जमलं, तर मी स्वतःच बंद करेन."

त्या किंचित हसल्या. "गुरुवारी. मी येणार नाही. काय झालं ते येऊन सांगा."

तीन दिवस मी आणि अक्का जिन्याच्या पायरीवर डबा खाता खाता प्रश्न घडवत होतो. मी मराठीत सांगायचे, त्या तमिळमध्ये लिहायच्या, मग ते शाळेच्या आयाला वाचून दाखवायच्या. तिला पहिल्या वाचनात कळलं तरच प्रश्न ठेवायचा.

गुरुवारी पहिल्या फेरीत चौदा बरोबर आले. मग वाद सुरू झाला. खिडकीजवळची एक मुलगी आपल्या मैत्रिणीवर जवळजवळ ओरडलीच, "रोज पृथ्वीची सावली पडते म्हणतेस, तर मग रोज ग्रहण का नाही?" सगळा वर्ग तिच्याकडे वळला. मी चलचित्रातला चंद्र हळूहळू फिरवला आणि उत्तर मुलांनाच शोधू दिलं. दुसऱ्या फेरीत एकतीस.

सात उरले होते. त्या सातांना मी दुसऱ्या दिवशी थांबवून घेतलं, चेंडू आणि टॉर्च घेऊन. पाच जणांना पटलं. दोघांना अजून शंका होती आणि त्यांनी ती तोंडावर बोलून दाखवली, ह्याचंच मला बरं वाटलं.

मुख्याध्यापिकांनी आकडे ऐकून घेतले. नियम काही त्यांनी बदलला नाही, पण दर शुक्रवारी फोन वर्गात न्यायची मला लेखी परवानगी दिली. खाली एक अट घातली: तमिळ मजकुरावर अक्कांची सही हवी.

ह्या वर्षी तोच वर्ग घेऊन मी आठवीत आले आहे. विजेच्या धड्याचे वीस प्रश्न काल अक्कांकडे दिले. त्यांनी नऊ खोडून परत पाठवले आहेत. आज ते पुन्हा लिहायला बसले आहे.