हायड्रोजनची बांधी

"हळू सोड. बांधी फुटन."

हायड्रोजनच्या सिलिंडरला मी हात लावला की सर मागून हेच म्हणत. मग स्वतः पुढे येऊन दोन बोटांनी चावी जराशी फिरवत. नळीच्या टोकाशी, पाण्याच्या बाटलीत, एकेक बुडबुडा निघू लागे. तेवढा वेग त्यांना पुरे.

बांधी म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी, अडवलेला धानाच्या शेताचा तुकडा, हे आमच्या गोंदियात सांगावं लागत नाही. सर इथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आणि मी त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होते. वर्गात ते अर्धी हिंदी बोलत, पण प्रयोगशाळेत पाय टाकला की बोली थेट त्यांच्या गावाकडची, चोरखमारा तलावाच्या बाजूची. घराण्याचा तोराही तिकडचाच. "आमच्या आज्यानं तलाव बांधला. हा तं नुसता सिलिंडर हाय!"

डिझेल पंपाचा काळा धूर तुम्हीही पाहिला असेल. डिझेलमधली अरोमॅटिक संयुगं नीट जळत नाहीत, त्यांची ती काजळी. त्यांना आधीच हायड्रोजन जोडला तर धूर कमी होतो, आणि हे काम प्लॅटिनम-पॅलेडियमचा उत्प्रेरक करतो. आमच्याकडे त्याच्या मूठभर गोळ्या होत्या, त्याही दुसऱ्या प्रयोगशाळेतून मागून आणलेल्या. पुन्हा मिळणार नव्हत्या. सौंदडला घरी बाबांनी मला बजावलं होतं, यंदा झालं तर झालं, नाहीतर शिक्षण बंद.

आणि ऐन वेळी उत्प्रेरकानं मान टाकली. डिझेलमधला उरलासुरला गंधक त्याला बाधला. हायड्रोजन आत जाई आणि तसाच बाहेर येई. मी स्टुलावर बसून रडले.

"काऊन वो पोरी, कोन मेलं?"

"सर, उत्प्रेरक मेला."

"मेला नाही. थकला. थकल्याले कोनी फेकते काय?"

दिवस रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे होते. धानाच्या रोवण्याला सर गावी गेले नाहीत असं वर्ष कुणाला आठवत नव्हतं, प्राचार्यांनी अडवलं तरी ते जात. त्या वर्षी ते प्रयोगशाळेत बसून राहिले. आधी थोडी थोडी हवा सोडून गोळ्यांवर बसलेली घाण जाळली, मग हायड्रोजन. घाई केली तर गोळ्या तापतात, धातूचे कण एकमेकांना चिकटतात आणि उत्प्रेरक खरंच मरतो. डब्यातला भात खातानाही त्यांची नजर बुडबुड्यांवर.

"सर, रोवणा?"

"भाऊ पाहून राहिला. हा बी रोवनाच होय."

उत्प्रेरक पहिल्यासारखा झाला नाही, पण माझ्या कामापुरता झाला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "हायड्रोजन इतका सावकाश का सोडलात?" माझ्या तोंडून निघून गेलं, "बांधी फुटेल, सर." परीक्षक बुचकळ्यात पडले. आमचे सर खिडकीबाहेर बघत मिशीत हसत होते. आज मी त्याच प्रयोगशाळेत शिकवते ती त्यांच्यामुळे. हे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला फेडायचेही नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. रोवण्याच्या दिवसांत मी त्यांच्या गावी जाऊन आले. त्यांचे धाकटे भाऊ फावड्यानं धुरा कापून एका बांधीतलं पाणी दुसरीत सोडत होते. पाण्याचा लोंढा सुटला आणि मी नकळत ओरडले, "हळू सोडा, बांधी फुटन!"

भाऊंचं फावडं थांबलं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"दादा गेल्यापासून हे सांगनारं कोनी नोहोतं," ते म्हणाले, आणि चिखल ओढून त्यांनी पाण्याची वाट अर्धी बुजवली.