दुःखाचं गाणं, सपरिवार या!

गाणं बसवायला आमच्या बँडला महिना लागतो. किस्सा मात्र चहा उकळेपर्यंत तयार होतो! त्यामुळे आमच्याकडे गाणी मोजकी आणि किस्से पोत्यानं आहेत. काही सांगून टाकते, म्हणजे नव्यांना जागा होईल.

आधी ओळख. मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका शाळेत गणित शिकवते आणि बँडमध्ये माउथ ऑर्गन वाजवते. गिटार आणि गाणं प्रकाशदादा वानखेड्यांचं. ते पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात बाबू आहेत, पन्नाशी ओलांडलेले. ड्रमवर टेंभरे, दिवसा वारासिवनीच्या एका राइस मिलमध्ये सुपरवायझर. आम्ही ब्लूज वाजवतो. म्हणजे अमेरिकेत शेतांत राबणाऱ्या काळ्या मजुरांच्या दुःखातून निघालेलं संगीत. हे वाक्य मी गावात इतक्यांदा ऐकवलं आहे की एकदा वर्गात क्षेत्रफळाची व्याख्या सांगताना तेच तोंडातून निघालं!

प्रकाशदादांना हा नाद नागपूरला कॉलेजात असताना लागला, एका मित्राच्या कॅसेटवरून. तेव्हापासून त्यांची एकच इच्छा, आपल्या गावात एकदा कार्यक्रम करायचा. नागपूरहून बोलावणी आली, ते गेले नाहीत. मी एकदा चिडून विचारलंच, "दादा, जात काहून नाही?" तर म्हणाले, "तिथं लोक टाळ्या वाजवतीन वं. पण मले घरच्यायनं ऐकावं वाटते."

म्हणून यंदा तीन शनिवार ठरवले. एक शनिवार झाला, दोन यायचे आहेत. झालेला कसा झाला ते शेवटी सांगते. आत्ताच सांगितलं तर तुम्ही उठून जाल!

*

हॉल बुक करायला आम्ही चौबेजींकडे गेलो. बस स्टँडजवळचा हॉल त्यांच्या हातात आहे. लग्न, साखरपुडा, साड्यांचा सेल, सगळं तिथंच होतं.

"शादी का गाना है?" चौबेजींनी विचारलं.

"नहीं," प्रकाशदादा म्हणाले, "दुख का है."

चौबेजींनी पेन खाली ठेवलं. "भाईसाहब, दुख के लिए हॉल कौन बुक करता है? वो तो घर पे हो जाता है!"

दादांनी पंधरा मिनिटं समजावलं. गाणं दुःखाचं असतं, पण ऐकून मन हलकं होतं, वगैरे. चौबेजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अट घातली. पहिल्या शनिवारी खुर्च्या भरल्या तर उरलेले दोन शनिवार आमचे. नाही भरल्या तर ते लग्नवाल्यांना जाणार, सीझन सुरू आहे.

दादांनी मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "भरतीन ना वं खुर्च्या?" मी जोरात हौ म्हटलं. गणिताच्या शिक्षकानं असं खोटं बोलू नये, पण त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

*

टेंभरेचं मूळ शिक्षण धुमाल पार्टीतलं. धुमाल म्हणजे आमच्याकडे वरातीपुढे वाजतं ते, छातीत धडकी भरवणारं. त्यामुळे टेंभरेचा हात मंद चालतच नाही. एका गाण्यात बायको सोडून गेली म्हणून एक माणूस रेल्वे स्टेशनवर एकटा बसून रडतो आहे. एकदा सरावात पहिली दोन कडवी बरी गेली. तिसऱ्यात टेंभरेचा हात सुटला. शेजारच्या घरातले काका लुंगीवर बाहेर येऊन नाचायला लागले!

प्रकाशदादांनी गिटार थांबवली. "अबे टेंभरे, तो माणूस रडून राह्यला ना गाण्यात!"

"त् रडू द्या ना भाऊ," टेंभरे घाम पुसत म्हणाला, "मी त्याले घोड्यावर बसवून दुसरी पाहून देतो!"

ते गाणं आम्ही आता तसंच वाजवतो. काका येतात नाचायला.

*

माउथ ऑर्गनवर रेल्वेगाडीचा आवाज काढणं हा ब्लूजमधला जुना खेळ आहे. मी तो घरी शिकत होते. आधी हळू, मग चढ, मग वेग, मग शिट्टी. सासूबाई दार लावून घ्यायच्या. सासरे मात्र दुसऱ्याच दिवशी खुर्ची घेऊन समोर येऊन बसले. ते रेल्वेतून रिटायर झालेले, आयुष्य नॅरोगेजच्या छोट्या लाइनवर गेलं. ती लाइन उखडून मोठी टाकली तेव्हा हा माणूस दोन दिवस नीट जेवला नव्हता.

डोळे मिटून त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "छोटी लाइनच आहे. मोठ्या गाडीला चढावर असा दम लागत नाही."

मी खूश! मला खरं तर श्वास पुरत नव्हता, पण ते कशाला सांगा.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते समोर. "आता फाटक आलं, शिट्टी दे." "आता उतार आहे, घाई करू नको." एकदा मी मध्येच थांबले, कुकरची शिट्टी झाली म्हणून. परत आले तर सासरे तसेच बसलेले, चेहरा गंभीर.

"काय झालं बाबा?"

"काही नाही," ते म्हणाले, "सिग्नल मिळाला नाही, उभे आहोत."

*

जाहिरातीसाठी प्रकाशदादांनी भोंगा लावलेली ऑटो ठरवली. ऑटोवाला सगळ्याच गोष्टींची जाहिरात एकाच सुरात करतो, मग गाद्या असोत की दातांचा दवाखाना. दादांनी त्याला मजकूर पाठ करून दिला. ऑटो लालबर्र्यापर्यंत फिरून आली. दुसऱ्या दिवशी लालबर्र्याहून दादांच्या साडूचा फोन! ऑटोवाला बाजारात ओरडत होता म्हणे, "आइए, आइए, आइए! दुख का गाना! असली दुख का गाना! सपरिवार पधारें!"

दादांनी डोक्याला हात लावला. चौबेजी मात्र भलतेच खूश. म्हणाले, "ये आदमी समझ गया. आप लोग नहीं समझा पाए थे."

*

आता काकू. प्रकाशदादांच्या सख्ख्या काकू, रुख्मा काकू, तिरोडीजवळच्या गावात राहतात. भाताची शेती. पोस्टरवर दादांनी ब्लूजच्या खाली 'आणि आपल्या मातीचं संगीत' असं लिहून टाकलं होतं, आणि मातीचं संगीत म्हणजे त्यांच्या डोक्यात काकूंची रोवणीची गाणी होती. रोवणी म्हणजे चिखलात भाताची रोपं लावणं. बायका रांगेत वाकून रोपं लावत मागे मागे सरकतात आणि सरकता सरकता गातात. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. अंगणात काकू आणि त्यांच्या चार मैत्रिणींनी गायलं, तर प्रकाशदादांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "काकू, हेच! हेच त् ब्लूज हाय!"

"आमचं हाय ते राहू दे बाप्पा," काकू म्हणाल्या. "त्याचं नाव काहून बदलून राह्यला?"

मी वही उघडून कामाचा प्रश्न विचारला. कार्यक्रम बसवायचा तर वेळ कळायला हवी. "काकू, हे गाणं किती मिनिटांचं?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग दादांकडे पाहिलं. ही मास्तरीण बरी आहे ना, असं काहीतरी त्या पाहण्यात होतं.

"बांधी केवढी हाय, त्याच्यावर हाय वं!" त्या म्हणाल्या.

बांधी म्हणजे भाताच्या शेताचा एक तुकडा, चारी बाजूंनी मातीचा धुरा, म्हणजे बांध, घातलेला. बायका मागे सरकत जातात, टाच मागच्या धुऱ्याला लागली की बांधी झाली आणि गाणंही सरलं. मग पाठ सरळ करायची, पलीकडच्या बांधीत जायचं, की पुन्हा सुरू. लहान बांधीचं गाणं लहान, मोठ्या बांधीचं मोठं. वही मी पर्समध्ये ठेवून दिली.

*

स्टेजवरची रिहर्सल हा वेगळाच प्रकार झाला. पाचही जणी नव्या लुगड्यांत, काकूंच्या डोळ्यांवर गॉगल! दादांनी त्यांना माइकसमोर नीट उभं केलं. काकूंनी पहिली ओळ घेतली आणि सगळ्या कमरेत वाकून मागे निघाल्या. माइक पुढे राहिला, आवाज मागे गेला. दोन ओळींत काकूंची टाच मागच्या भिंतीला लागली.

"सरलं," काकू म्हणाल्या.

टेंभरेनं अजून काड्याही उचलल्या नव्हत्या!

मग दादांनी त्यांना तिरकं उभं करून पाहिलं. तीन ओळी झाल्या. एका जागी उभं राहून गा म्हटलं तर सूरच लागेना. "पाय हालल्याबिगर ओळ कशी निंगन रे?" काकू वैतागल्या. शेवटी गॉगल काढून त्यांनी स्टेजचा कोपरान् कोपरा पाहिला आणि म्हणाल्या, "पक्या, एवढ्याशा बांधीत तर कोंबडीबी रोवणी नाही करणार!"

*

आणि मग आला पहिला शनिवार.

संध्याकाळची वेळ झाली. पहिल्या रांगेत माझे सासरे, स्वेटर-मफलर घालून. त्यांच्या मागे लालबर्र्याचे साडू, सपरिवार. नाचणारे काका. टेंभरेच्या धुमालमधले काही जण, ढोलांसकट. बाकी खुर्च्या, खुर्च्या आणि खुर्च्या. चौबेजी दाराशी हाताची घडी घालून उभे, आणि त्यांच्या शेजारी एका लग्नाच्या मुलीचे वडील, हॉल पाहायला आलेले.

प्रकाशदादा पडद्यामागे एकच तार पुन्हा पुन्हा जुळवत होते. ती केव्हाच जुळलेली होती. मी जवळ गेले तर वर न पाहता म्हणाले, "नागपूरले गेलो असतो तर बरं झालं असतं का वं?" या माणसानं सगळं आयुष्य या एका संध्याकाळची वाट पाहिली होती, आणि संध्याकाळ आली तर ही अशी.

काकूंनी पडद्यातून डोकं बाहेर काढलं. रिकामा हॉल पाहिला, मधली मोकळी वाट पाहिली, वाटेच्या टोकाला सताड उघडं दार पाहिलं.

"एवढी मोठी बांधी ठेवली हाय," त्या म्हणाल्या, "अन् मले त्या ओट्यावर कोंबत होता तू?"

आणि उतरल्या की खाली! मैत्रिणी मागोमाग. स्टेजकडे तोंड करून पाचही जणी रांगेत उभ्या राहिल्या, पदर खोचले, वाकल्या, आणि काकूंनी ओळ घेतली. मैत्रिणींनी ती उचलली. माइक नाही, काही नाही. रांग मागे मागे सरकू लागली. टेंभरेनं धुमालवाल्यांचा एक ढोल गळ्यात अडकवला आणि निघाला. मीही माउथ ऑर्गन तोंडाला लावून त्यांच्यासमोर चालायला लागले. स्टेजवरून दादांची गिटार सूर धरून होती.

मधली वाट संपली. दार आलं. मला वाटलं, आता थांबतील. पण दाराला कुठे धुरा होता! चौबेजी आणि मुलीचे वडील बाजूला झाले आणि रांग रस्त्यावर निघाली. मागे काय आहे ते काकूंना दिसत नव्हतं, मला समोर दिसत होतं. चहाच्या टपरीवरचे लोक ग्लास हातात घेऊन उठले. वारासिवनीची बस नुकतीच लागली होती, तिच्यातून उतरलेले पिशव्यांसकट थांबले. भाजीवाल्या दोघी टोपल्या सोडून पुढे आल्या आणि त्यांतली एक चक्क ओळ उचलू लागली! माणसांमागे माणसं उभी राहत गेली, रस्ताभर, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

काकूंची टाच कोणाच्या तरी चपलेला लागली. गाणं थांबलं.

त्यांनी पाठ सरळ केली, वळून सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "झाली ही बांधी," त्या म्हणाल्या. "चला वं, आता पलीकडची."

पाचही जणी जागच्या जागी फिरल्या. आता पाठ हॉलकडे, तोंड लोकांकडे. पुन्हा वाकल्या, नवी ओळ घेतली आणि मागे सरकू लागल्या. आणि लोक त्यांच्यासमोर, एकेक पाऊल पुढे. दारातून आत, मधल्या वाटेनं, खुर्च्यांच्या रांगांमधून. सासरे उभे राहून शिट्टीची खूण करत होते, मी दिली. चौबेजी लग्नासाठी ठेवलेल्या जास्तीच्या खुर्च्या स्वतः ओढून आणत होते, आणि दुसरी बाजू मुलीच्या वडिलांनी धरली होती.

काकूंची टाच स्टेजच्या पायरीला लागली. गाणं सरलं. दादा गिटार गळ्यात घेऊन वर उभे होते, समोरच्या गर्दीकडे पाहत.

काकूंनी कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली आणि वर पाहिलं.

"रोवून दिली रे पक्या तुही बांधी," त्या म्हणाल्या. "आता गा."