हिंदुराव आबांचं मंगलाष्टक

डीव्हीडी नुसती दिसली तरी महंमद मुलाण्याला मळमळायचं. अठरा वर्षं इंदापूर तालुक्यातली लग्नं शूट करून, त्यांच्याच डीव्हीड्या वाटून ज्यानं पोट भरलं, त्यानं असं म्हणावं का? पण तो म्हणायचा, आणि चारचौघांत म्हणायचा. ड्रोनवाली पोरं आली तसं त्याचं शूटिंग बंद पडलं. आता एसटी स्टँडमागच्या त्याच्या दुकानात लोक जुन्या डीव्हीड्या घेऊन येतात, "पेनड्राइव्हमधी घालून द्या" म्हणतात, आणि त्या डीव्हीड्यांची दशा बघून त्याचं टाळकं सरकतं.

एकानं तर पाखरं हाकलायला पेरूच्या झाडाला टांगलेली डीव्हीडी सोडवून आणली होती. एका बाईनं तारेच्या घासणीनं चकचकीत करून आणली, वर म्हणाली, "तुमाला तरास नको म्हणून धुऊनच आणलीया."

"लग्नाची डीव्हीडी हाय का दुधाचं पातेलं?" महंमद तोंडावर बोलला. बाई फुगून गेली. आठ दिवसांनी परत त्याच्याकडंच आली, कारण माणूस तोंडाचा फटकळ असला तरी हाताचा पक्का. दुसऱ्या कुणाकडं न चालणारी डिस्क त्याच्याकडं चालायची.

असाच एक दिवस डाळजचा इंद्रजित आला. मागं त्याची आई कुशाबाई, पदराखाली काहीतरी धरून. इंद्रजित बारामतीत कंपनीत कामाला. त्यानं एका जुन्या कॉम्प्युटरला मोठी हार्डडिस्क जोडून तो घरातल्या टीव्हीला जोडला होता. घरातलं कुठलंही लग्न, कुठलंही बारसं, मोबाईलवरनं बोट दाबलं की टीव्हीवर हजर. तो त्याला सर्व्हर म्हणायचा, कुशाबाई पेटी म्हणायची. त्या पेटीत सगळं खानदान गेलं होतं. फक्त थोरल्या बहिणीचं, राजेश्वरीचं लग्न जात नव्हतं.

"बारामतीत तीन दुकानं पालथी घातली, महंमदभाई," इंद्रजित म्हणाला. "डिस्क साठ टक्क्यांवर जाऊन बसती ती बसतीच."

आणि हवं होतं ते नेमकं तेच लग्न. त्यात इंद्रजितच्या वडलांनी, हिंदुराव आबांनी, स्वतः जुळवलेलं मंगलाष्टक माईकवर म्हटलं होतं. आबा गेल्या दिवाळीच्या तोंडावर गेले. आठ दिवसांवर वर्षश्राद्ध आलं होतं. जन्मभर मोबाईलला शिव्या घालणाऱ्या त्या माणसाचा आवाज दुसरीकडं कुठंच नव्हता. जो होता तो या एका डिस्कमध्ये.

कुशाबाईनं पदराखालची डबी पुढं केली. महंमदनं ती उघडली आणि नाक मुरडलं. डिस्कच्या चकाकत्या अंगावर हळदीकुंकवाचे थरावर थर, उदबत्तीचं काजळ, मधल्या भोकाला चिकटलेली अक्षत.

"आई गं! हे काय हाय?"

"आल्यापासनं देव्हाऱ्यातच ठिवली हुती, लावून कुणी बघितलीच न्हाय," कुशाबाई म्हणाली. "दर दसऱ्याला पुजायचे. आन् हे गेल्यापासनं रोज."

"मावशी, पुजायचंच हुतं तर वरनं पुजायचं! खालचं अंग मशीन वाचत असतं."

"वरच्या अंगावर राजूचं आन् जावयाचं तोंड हाय. त्येंच्या तोंडाला कुंकू फासू व्हय?"

महंमदनं कपाळावर हात मारला. वरचा तो नवरा-नवरीचा स्टिकर त्यानंच चिकटवलेला होता, कडेनं फुगलेला. अशा फुगलेल्या स्टिकरनं डिस्क मशीनमध्ये थरथरते. दुसऱ्या कुणी चिकटवला असता तर महंमदनं त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. स्वतःचा होता म्हणून गप बसला. आपला तो बाब्या!

साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून तो मधून कडेकडं पुसू लागला. गोल गोल पुसलं की ओरखडे लांबतात, हे त्यानं आजवर हजार लोकांना सांगितलं असेल. ऐकलं एकानंही नाही. कापूस पिवळा झाला, लाल झाला, काळा झाला. त्याला शिसारी आली. स्टिकर सगळा ओढला तर खालचा वर्ख निघून यायचा, म्हणून फुगलेली कड तेवढी ब्लेडनं कापली. मग डिस्क जुन्या ड्राइव्हमध्ये सारली आणि वेग अगदी कमी ठेवला.

साठ टक्क्यांवर ड्राइव्ह कण्हायला लागला. काढली, परत धुतली. परत साठ. दुसरा ड्राइव्ह लावला, आणि वाचता येणार नाही तेवढं सोडून पुढं जा, असं सॉफ्टवेअरला सांगितलं. दोन तास गेले. कुशाबाई स्टुलावरनं हलली नाही, पाणीसुद्धा नको म्हणाली. शेवटी एकदाचे शंभर टक्के झाले.

पण चित्राला दातेरी रेघा होत्या. माणूस हलला की कंगव्यासारखा फाटायचा. महंमदनं त्या काढल्या. मग नवरा-नवरी बुटकी आणि पोत्यासारखी रुंद दिसायला लागली, तर मापं बदलली. फाइल तयार करून दुकानातल्या टीव्हीला लावली. चित्र झकास आलं. आवाज नाही.

"आवाज?" कुशाबाई उभी राहिली.

"घाबरू नका, मावशी. डिस्कचा आवाज ह्या टीव्हीला कळंना. बदलून देतो."

त्यानं बदलला. इंद्रजितनं मंगलाष्टकाची जागा शोधली आणि टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवला.

सिनेमातलं गाणं लागलं.

पडद्यावर हिंदुराव आबा फेटा बांधून उभे. एका हातात माईक, एका हातात वहीचा कागद. डोळे भरलेले, तोंड उघडतंय, मिटतंय. आणि वरनं कोण नटी जोरजोरात गातेय. आबांच्या डोक्याभोवती लाल बदाम तरंगतायत. ते बदाम महंमदनंच सोडले होते.

"गाणं बंद करा की," इंद्रजित म्हणाला. "मागचा आवाज तेवढा ठेवा."

मागं काही नव्हतंच. त्या काळी तो खरा आवाज काढूनच टाकायचा. मांडवातला कालवा, बायकांची कुजबुज, पोरांची रडारड... कुणाला हवी ती घाण? गाणं टाका, शायनिंग येती, असं तोच सांगत फिरायचा. आणि मूळची कॅसेट? ती पुढच्या आठवड्यात दुसऱ्या लग्नाला वापरली होती.

कुशाबाईनं डिस्ककडं बघितलं, मग पिवळ्या कापसाकडं.

"माझ्या हळदीनं खाल्ला का वो त्येंचा आवाज?"

व्हय म्हणाला असता तर सुटला असता. कुणाला काय कळणार होतं? शब्द जिभेवर आलाही होता. पण म्हातारी स्वतःचाच हात अपराध्यासारखा पदराला पुसायला लागली आणि महंमदला स्वतःची अशी किळस आली की सांगता सोय नाही.

"न्हाय मावशी. हळदीनं काय सुदीक केलं न्हाय. आवाज मीच काढला."

"कशापायी?"

"तवा तसंच करायचो. सगळ्यांचाच काढायचो."

"सगळ्यांचाच?" कुशाबाई म्हणाली.

ती चिडली असती, तळतळाट दिला असता, तर बरं झालं असतं. तिनं फक्त टीव्हीकडं बोट केलं. म्हणाली, "त्या बाईला गप करा. ह्येंना असू द्या."

महंमदनं टीव्हीचा आवाज बंद केला. आबांचं तोंड हलत राहिलं. कुशाबाई पडद्याजवळ गेली, त्यांच्या ओठांकडं बघत चिरक्या आवाजात म्हणू लागली, "माझी ती पहिलीच लेक निघली सोडून हे अंगण..."

आणि थांबली. आबा पुढं म्हणत होते.

"म्होरली वळ आठवंना," ती म्हणाली. "वरीस झालं आठवून बघतीया. तेवढ्यासाठीच आले हुते." मग ती महंमदकडं वळली. "तुमी तर त्येंच्या म्होरंच हुबा हुता की, भाऊ. तुमाला काय आठवतंय का?"

महंमद चार हातांवर उभा होता त्या दिवशी. त्याला तो मांडव लख्ख आठवत होता. कॅमेऱ्याची बॅटरी लाल झालेली, पंगत खोळंबलेली, आणि कॅमेरा आबांच्या तोंडावर धरून तो मनातल्या मनात एकच गोष्ट म्हणत होता, हा म्हातारा आवरतोय कधी.

"न्हाय, मावशी," तो म्हणाला. "मी ऐकलंच न्हाय."