एका डोळ्याला पिवळा

८ फेब्रुवारी. पांढऱ्या साडीसाठी फॉल घ्यायला चामराजपेटेत गेले. नेहमीच्या दुकानदाराच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्यानं साडीवर फॉल धरला, आधी एक डोळा झाकला, मग दुसरा.

"अक्का, जुन्या डोळ्याला हा साडीसारखाच दिसतो. नव्याला पिवळा."

"मग नव्याचंच ऐका."

"सरी, ठीक आहे. पण चार वर्षं जुन्यानंच रंग जुळवले ना! लोकांना काय काय दिलं असेल मी?"

फॉलचा अख्खा खोका त्यानं माझ्यापुढे सरकवला. "आज तुम्हीच निवडा."

९ फेब्रुवारी. सकाळी त्याच्याकडचे फॉल लावलेल्या माझ्या पांढऱ्या साड्या गॅलरीतल्या उजेडात उलगडल्या. दोन फॉल चक्क पिवळे निघाले. त्यातलीच एक साडी नेसून ऑफिसला गेले.