पिवळ्या रेघेपलीकडची खुर्ची

आमच्या जामनगरच्या स्कॅन सेंटरात चाकाच्या दोन खुर्च्या. लोखंडाची पिवळ्या रेघेपर्यंत, बिनलोखंडाची रेघेच्या आत. आतलं मशीन म्हणजे अवाढव्य लोहचुंबक, लोखंड आत गेलं की खेचलंच. पण नातेवाइकांना सांगून उपयोग आहे का? बिनलोखंडाची हलकी, कुरकुरत नाही, म्हणून जो तो मेला तीच पळवतो. एकजण तिच्यावर गाठियाची पुडकी ठेवून ढकलत आला होता. रळियातबेननी त्याला असा झापला, की गाठिया आम्हालाच देऊन गेला.

रळियातबेन आमच्या आयाबाई. त्या खुर्चीला दुसऱ्या कुणी हात लावायची टाप नाही. पेशंटला आत न्यायच्या आधी कसून झडती. "कमरेचा कंदोरा काढा, भाई. लाजताय काय, चार मुलगे वाढवलेत मी!"

एक दिवस त्या खुर्चीत बसायला आल्या त्यांच्याच विहीणबाई, जेठीबेन. डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. डॉक्टर म्हणाले, स्कॅन आजच, उशीर केलात तर जिवावर बेतेल. आणि झडतीत निघाली लोखंडी अंगठी, जुन्या गलबताच्या खिळ्याची.

"काढा, विहीणबाई."

"नाही काढणार. हीरजी दर्यावर आहे. तो घरी येईपर्यंत ही बोटातून उतरवायची नाही, असं बोलले आहे मी देवाला."

"अहो, जीव जाईल तुमचा!"

"जाऊ दे. हीरजी काय माझ्या एकटीचा आहे? तुमच्या लेकीचं कुंकू आहे ते."

मी काउंटरवरून उठूनच बघितलं. हीरजी रळियातबेनचा जावई, आणि त्याच्या गलबताची बरेच दिवस काही खबर नव्हती.

मग एकदम त्यांनी स्वतःचा हात पुढे केला. "बोटात राहिली म्हणजे झालं ना? माझं बोट काय परक्याचं आहे? घाला इथं."

जेठीबेननी जरा विचार केला आणि घातली.

"पण आता तुम्ही आत कशा जाणार?" मी विचारलं.

रळियातबेननी खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पोटची पोर सासरी धाडताना होतो तसा चेहरा. "निमू, तू ने." लगेच माझी झडती. केसातल्या पिना, साडीच्या पिना. "काउंटरवर बसतेस की सुयांचं दुकान चालवतेस गं?"

मी खुर्ची ढकलली तशी रेघेवरून ओरडा सुरू. "हळू! चाक वाकडं जातंय! विहीणबाई, घाबरू नका, ही वेंधळी आहे पण पाडणार नाही!"

देवाची कृपा, वेळेवर कळलं, औषधावर भागलं. पण रळियातबेनच्या जाड्या बोटातून अंगठी काही निघेना. साबण झाला, तेल झालं.

"असू दे," जेठीबेन म्हणाल्या. "हीरजी येईल तेव्हा निघेल."

तेव्हापासून खुर्ची माझ्याकडे, आणि रळियातबेन रेघेवरून माझा उद्धार करतात. मला पिना लावायची चोरी झाली आहे. हीरजीची अजून खबर नाही.

काल मी मोरीशी गेले. रळियातबेन हात धूत होत्या. अंगठी बाजूला साबणाजवळ पडली होती. त्यांनी बोट पुसलं, अंगठी उचलून कपाळाला लावली आणि पुन्हा बोटात घातली. अगदी सहज गेली.

मी पाऊल न वाजवता मागे फिरले आणि लांबूनच हाक मारली, "रळियातबेन, पेशंट आलाय! खुर्ची कोण नेणार?"

"तूच ने गं बाई," त्या आतून म्हणाल्या. "ही मेली हीरजी आल्याशिवाय निघायचीच नाही."