माफी दिली, मैत्री तिथेच सोडून आले

शनिवारी सकाळी सहाच्या एसटीने मी नगरहून सोलापूरला निघाले. यजमान स्टँडवर सोडायला आले होते.

"टॉवेलच आणायला चाललीस ना?" त्यांनी विचारलं.

"मग काय, भांडायला?"

त्यांनी पिशवी खिडकीतून आत दिली. तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला उत्तर कळतं.

कामं दोन होती. नगरला माझं चादरी-टॉवेलांचं दुकान आहे. लॉजवाले, दवाखानेवाले माझ्याकडून माल घेतात. एका टेबलावर सुरू केलेलं दुकान आज तीन शटरचं आहे आणि त्यात कुणाच्या वशिल्याची एक वीट नाही. हे मी सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. दुसरं काम होतं सरोज.

सरोज आणि मी सोलापूरच्या एकाच मंडळीत (चर्चच्या सभासदांत) वाढलो. एका बाकावर बसून गीतं म्हटली, एकाच वर्षी दोघींची लग्नं झाली. पंधरा वर्षांपूर्वी माझे यजमान दारूला लागले. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. दारूचं मी एका सरोजलाच सांगितलं होतं. त्याच आठवड्यात, बुधवारी, बायकांच्या प्रार्थनासभेत प्रार्थनेचे विषय विचारले, तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, "आपल्या प्रमिलाच्या घरासाठी प्रार्थना करा. तिचे मालक दारूच्या पाशात सापडलेत." चाळीसएक बायकांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. आमच्यात चहाडी करायला तोंड उघडत नाही, पण प्रार्थनेच्या विनंतीला बंदी नाही. आठवड्यात सगळ्या गल्लीला कळलं. यजमान शाळेत शिपाई होते, पोरंसुद्धा त्यांना हसायला लागली. सहा महिन्यांत आम्ही गाव सोडलं.

तेव्हापासून मी प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत वाटतात ती भाकर आणि द्राक्षरस) घेतलेलं नाही. नगरच्या देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) दर महिन्याला भाकरीचं ताट माझ्यापर्यंत येतं आणि मी ते शेजारणीकडे सरकवते. मनात वैर ठेवून ती भाकर खायची नाही, एवढं मला कळतं. यजमान मात्र घेतात. दारू सोडून त्यांना अकरा वर्षं झाली. बाजूला बसून मी बघते. आता सोलापूरच्या मंडळीचा वर्धापनदिन होता, जुन्या सभासदांना बोलावणं होतं. मी ठरवलं, सरोजला सगळ्यांसमोर माफी मागायला लावायची. तिने माफी मागितली की ताट घ्यायचं. सौदा सरळ होता.

करमाळ्याला गाडी थांबली. चहा गोड, कप गरम, वरचं बिस्किट मऊ पडलेलं. शेजारी एक धनगर बाई येऊन बसली. मांडीवर बोचकं, बोचक्याला घोंगडीचा वास.

"कुटं निघालाव, बाई?"

"सोलापूरला."

"म्हायेर हाय व्हय तितं?"

"होतं."

"होतं कसलं? म्हायेर असतंय की!" ती म्हणाली आणि माझ्या पिशवीतली अर्धी केळी संपवून जेऊरफाट्याला उतरली. मी एवढी घासाघीस करणारी, पण केळीही तिची आणि शेवटचा शब्दही तिचाच.

टेंभुर्णीनंतर उसाची हिरवळ संपत जाते. मोहोळच्या पुढे काळी जमीन, तिच्यावर कमरेएवढी ज्वारी आणि वर निव्वळ आभाळ. बाहेरच्यांना हा मुलूख रखरखीत वाटतो. मला वाटतो तो मोकळा. या मुलखात कुणाला काही फुकट मिळत नाही, म्हणून इथली माणसं कामाला वाघ.

चिंचोळी एमआयडीसीत उतरले. ज्या कारखान्यात गेले, तिथला मालक नवा होता, पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाचा, मराठी फर्डं. त्याने भाव सांगितला. मी उठून उभी राहिले. त्याने बसवलं, चहा मागवला, थोडं खाली आला आणि कारकुनाकडे वळून हळूच म्हणाला, "इंका तग्गिंचकु." (आणखी कमी करू नकोस.)

मी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "कोंचेम तग्गिंचंडी." (थोडं तरी कमी करा.)

कारकून खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. मालक हसत सुटला. "अक्का, तुम्ही आमच्यातल्या?"

"मी मागांच्या खडखडाटात वाढले. माझ्यासमोर तेलुगूत गुपित बोलायचं नाही."

माल मी म्हटलेल्या दरात गाडीवर चढला. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडताना मी जराशी ताठच चालत होते.

शहरात रिक्षावाल्याशी झालं ते किरकोळ. "मीटर कायकू आपा, अपने गाँव में मीटर नै चलता," तो म्हणाला. मी त्याला त्याच बोलीत दोन शब्द सुनावले. "सोलापूरकी हो तो पैले बोलना था ना!" म्हणत त्याने निम्म्या भाड्यात सोडलं आणि वाटेत स्वतःच्या तिन्ही मुलींची हकीकत सांगितली.

मुक्काम रूथमावशींकडे होता. ऐंशीच्या पुढच्या, मंडळीतल्या सगळ्यात जुन्या. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही आणि ठेचलेला कांदा. ही भाकरी पापडासारखी मोडते आणि महिनाभर टिकते. नगरला मी कितीदा करून पाहिली, जमत नाही.

जेवताना सरोजचा विषय मीच काढला. मावशींनी दही माझ्याकडे सरकवलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "तिच्या घरात लई अवघड चाललंय गं. कुणाला सांगितलं नाही तिनं, माझ्याजवळ तेवढं रडली. प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं तुला," आणि त्यांनी सगळं सांगितलं.

काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही. सांगून झाल्यावर मावशींचा हात भाकरीवरच थांबला. "अगं बाई, मी बोलायला नको होतं की."

पण बोलल्या होत्या. आणि मी खोटं का लिहू, ऐकताना माझ्या मनात ऊब आली. न मागता हातात हत्यार पडलं होतं. माफी मागायला लावायची गरजच उरली नव्हती. उद्या प्रार्थनेचे विषय विचारतील, मी उभी राहीन, आणि तिने केली तशीच सुरुवात करीन. फक्त नाव बदलायचं.

रविवारी देऊळ गच्च भरलं होतं. दगडी भिंती, उंच छत, पंखे जुनेच. दारात प्रत्येकजण "सलाम, सलाम" करत हात हातात घेत होता. सरोज तिसऱ्या बाकावर होती. केस पांढरे झालेले, पाठ वाकलेली. तिने मला पाहिलं आणि गीतांचं पुस्तक उघडून त्यात मान घातली.

पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाचे प्रार्थनेचे विषय?" एकाचं ऑपरेशन होतं, एकाचा मुलगा परीक्षेला बसला होता. मग मी उभी राहिले.

"आपल्या..." मी म्हणाले.

सरोजने वळून पाहिलं. समोरच्या बाकाची कड तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तिला कळलं होतं मला कळलंय. त्या बुधवारी मीही बाक असाच धरला होता. हात तसेच पांढरे पडले होते. एवढी वर्षं मला वाटत होतं की तो क्षण फक्त माझा आहे, सरोजला तो काय कळणार. आता तो तिच्या चेहऱ्यावर होता, आणि तिथे ठेवायचा की उचलायचा हे माझ्या जिभेवर होतं.

सगळे वाट बघत होते. पाळकसाहेब म्हणाले, "बोला, प्रमिलाताई."

"आपल्या मंडळीतल्या बायकांनी," मी म्हणाले, "एकमेकींकडे विश्वासाने सांगितलेलं आपापल्या पोटात ठेवावं, त्याचा प्रार्थनेचा विषय करू नये, यासाठी प्रार्थना करा."

मागून कुणीतरी मोठ्याने "आमेन" म्हणालं. रूथमावशींनी पदर तोंडाला लावला. टोमणा होता, नाकारत नाही. राग एका दमात गिळायला मी काही देवदूत नाही. पण नाव घेतलं नाही. दुकानाच्या तीन शटरांपेक्षा मला त्या एका न घेतलेल्या नावाचा अभिमान जास्त आहे.

प्रभुभोजनाआधी गीत सुरू झालं. ज्यांचं कुणाशी बिनसलं असेल त्यांनी या गीतात जागेवरून उठून जायचं, एकमेकांचा हात धरायचा, अशी इथली जुनी रीत. सरोज उठली. सगळ्यांच्या देखत माझ्या बाकापाशी आली.

"तुला माहीत होतं," ती कुजबुजली.

"होतं."

"आणि तू..." तिने माझा हात धरला. "मी तेव्हा खरंच प्रार्थनेसाठीच बोलले, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नव्हतं, प्रमिला. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं, म्हणून बोलले. माफ कर."

"केलं," मी म्हणाले. इतकं पटकन निघालं की मीच चकित झाले. ताट आलं. भाकरीचा चौकोनी तुकडा, नखाएवढा. पंधरा वर्षांनी तो जिभेवर ठेवला. द्राक्षरस आंबट होता. मी रडले, पण तिच्यासाठी नाही. माझं मलाच बरं वाटत होतं.

उपासना संपल्यावर ती अंगणात आली. डोळे पुसलेले, चेहरा फुललेला. "आता पहिल्यासारखं येत-जात जाऊ. नंबर दे तुझा. आणि बघ, आमच्या प्रार्थनेनंच सुटली की नाही दारू तुझ्या मालकांची?"

माझं डोकं सणकलं. अकरा वर्षं माणसाने स्वतः दात आवळून काढली, त्याआधीची चार मी दारात त्यांची वाट बघत काढली, आणि नाव यांच्या प्रार्थनेचं! क्षणभर वाटलं, दिलेली माफी परत घ्यावी. मग म्हणाले, "सरोज, माफी दिली ती दिली. नंबर देणार नाही."

"मग ही कसली माफी?"

"पुरी. तुझ्यावर माझा आता राग नाही, तुझं वाईट व्हावं असं वाटत नाही. तुझ्या घरासाठी मी खोलीचं दार लावून प्रार्थना करीन, एकटी. पण माझ्या घरातलं यापुढे तुझ्याकडे यायचं नाही."

"तेवढंही नाही? आठवड्याला एक फोन?"

"नाही."

"महिन्याला?"

"नाताळला एक सलाम. कार्डावर."

तिने पदर सावरला. मग हसली, जुनी सरोज हसायची तशी. "अजून तशीच हट्टी आहेस गं."

"आणि तू अजून तशीच बोलकी."

आम्ही हात हातात घेतले, सोडले. ती फाटकाकडे गेली. मी तिला हाक मारली नाही.

दुपारच्या गाडीने परत निघाले. सोलापूर मागे पडलं तेव्हा मी हिशेब लावत होते की मी कमी दिलं का. देवाने माफ करायला सांगितलं आहे, ते मी केलं. मैत्री कर असं सांगितल्याचं मला कुठे आढळलं नाही. ती दोन माणसांच्या मर्जीची गोष्ट. एक तुटलेली मैत्री पंधरा वर्षं मी रागाने धरून ठेवली होती, जणू राग गेला तर तीही जाईल. आज दोन्ही गेले. बाकाच्या कडेवरचे तिचे हात आठवले की वाईट वाटतं. वाटू दे.

नगरला यजमान स्टँडवर होते. "भेटली सरोज?"

"भेटली. तिने माफी मागितली, मी दिली. ताट घेतलं."

त्यांनी माझी पिशवी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग विचारलं, "तिच्या घरी सगळं कसं आहे?"

या माणसापासून मी कधी काही लपवलेलं नाही.

"ते तिला विचारा," मी म्हणाले. "मला सांगायचा अधिकार नाही."