वहिनींचा कॉर्निया

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, पण त्या पदवीसाठी मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो थोरल्या वहिनींचा. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. सातवीपर्यंत शिकलेल्या वहिनींनी यवतमाळकडच्या आमच्या गावात लोकांचे ब्लाउज शिवून मला पुण्याला कॉलेजात धाडलं.

गेल्या वर्षी तिकडच्या एका तपासणी शिबिरात त्यांना सांगितलं गेलं की डोळ्यांचा दाब जास्त आहे, काचबिंदूने नजर जाऊ शकते. थेंब सुरू झाले. काही महिन्यांनी मी हट्टाने त्यांना सदाशिव पेठेतल्या माझ्या घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेलो, तर वहिनी डोळ्यांवर पदर बांधून गवार मोडत होत्या. शिरा काढलेल्या, तुकडे एकसारखे.

"वहिनी, हे काय?"

"सवय करून राहिली, भाऊजी. आंधळी झाली त घरच्याईले तरास नको. सुई ओवता येते आता. मीठ-साखर अजून चुकते. तुमच्या दादानं एकदा खारा चहा पेला. बोलले नाही बिचारे."

त्या हसल्या. मला हसता येईना. नजर जाण्याची तयारी ही बाई एकटीच करत होती, आणि त्यातही काळजी आमचीच.

डॉक्टरबाई पेठेतल्याच, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी दाब पाहिला. जास्तच निघाला. मग डोळा बधिर करून एक बारीक टोकाचं यंत्र बुबुळावर अलगद टेकवलं.

"कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या या पारदर्शक पडद्याची जाडी आधी कुणी मोजली होती?"

"नाही," मी म्हणालो.

"मग अर्ध्या तपासणीवरच घाबरलात. अहो, दाब मोजताना यंत्र हा पडदा दाबतं. तो जाड असला की जोर जास्त लागतो आणि आकडा खऱ्यापेक्षा मोठा येतो. यांचा बराच जाड आहे."

"म्हंजे माही कातडी जाड?" वहिनींनी विचारलं.

"हो. पुण्यात उपयोगी पडेल."

डोळ्यामागची नस आणि नजरेचा आवाका तपासूनही काचबिंदूची खूण सापडली नाही. थेंब थांबवले. काही आठवड्यांनी पुन्हा पाहिलं, दाब फारसा वाढला नव्हता. "पण दर वर्षी तपासायचं. जाड पडदा म्हणजे कायमची सुटका नव्हे," बाईंनी बजावलं. जेमतेम केसाच्या जाडीएवढा तो फरक. तो मोजून बघण्याची चिकाटी दाखवणाऱ्या त्या बाईंना मी मनोमन हात जोडले.

वहिनी गावी परतल्या. फोनवर त्या "जेवले काय?" एवढं विचारून फोन दादाकडे देतात. म्हणून पत्र लिहिलं:

"वहिनी, अक्षर मुद्दाम बारीक काढलं आहे. लेकीकडून वाचून घेऊ नका, स्वतः वाचा. मी शिकलो ते तुमच्या डोळ्यांच्या जिवावर. लहानपणी हे कळलं नाही, आणि कळलं तेव्हा तोंडाने म्हणता आलं नाही. तुमची नजर शाबूत आहे हे ऐकलं, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात जाऊन मी रडलो. तपासणी चुकवू नका. दादाला कामातून सवड नसेल, तर मी न्यायला येतो."